चौथं बोट

मी ज्या पदार्थावर पीएच.डी. केली तो बघायला गेलं तर चिमूटभर करडी भुकटी आहे. समोर बसून कुणी शिंकलं तर कित्येक महिन्यांची मेहनत उडून जाईल, म्हणून शिंकणाऱ्या माणसांवर मी अजूनही चिडते. सिरियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि तिच्यावर निकेलचे अतिसूक्ष्म कण, असा हा प्रकार. टॉवेल रंगवून झाल्यावर जे लालनिळं पाणी उरतं त्याचा रंग हिनं काढावा, अशी अपेक्षा. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. स्वतः तशीच राहून दुसऱ्यांच्यात उलथापालथ घडवून आणणारी वस्तू. आमच्या नात्यात अशा दोन आत्या आहेत, त्यामुळे ही कल्पना समजायला मला जड गेलं नाही.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती समजावणं मात्र जड गेलं. त्यांची मंद्रूपला पिठाची गिरणी आहे. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. जेवताना ताटावर हात आडवा धरून अप्पा 'साकु' म्हणाले, म्हणजे 'पुरे', की पुढे वाढायची कुणाची छाती होत नाही. माझ्या संशोधनाबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे.

"तुजं पीट किती बारीक हाय?"

"अप्पा, पीठ नाही ते."

"बारीक हाय का न्हाई?"

"आहे बारीक."

"मग पीटच की."

मी चिडून उठून जायची. पण खरं सांगायचं तर सगळा मामला बारीकपणाचाच होता. निकेलचे कण जितके लहान आणि सुटे, तितका पाण्यातला रंग लवकर निघतो. गोम अशी की भट्टीत तापवलं की हे कण एकमेकांना चिकटून बसतात. साबुदाण्याची खिचडी मोकळी होणं आणि तिचा लगदा होणं यात जो फरक, तोच इथे. माझ्या खिचडीचा वर्षानुवर्षं लगदा होत होता.

कण मोकळे झाले की नाही हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं बघायचं. फोटो काढायचा, मग संगणकातला प्रोग्रॅम प्रत्येक कणाभोवती रेघ मारतो, आकार मोजतो आणि आलेख काढून देतो. निदान माहितीपुस्तकात तरी तसं लिहिलेलं असतं. आमचा प्रोग्रॅम गोळा दिसला की गांगरायचा. कधी सात कणांना मिळून एक म्हणायचा, कधी एकाच कणाची सात पोरं करायचा. मग मी माउस धरून हातानं रेघा मारत बसायची. पुढेपुढे कडक भाकरीवरचे करपलेले ठिपके दिसले तरी माझं बोट त्यांच्याभोवती फिरायला लागलं. आईनं एकदा काळजीनं विचारलं, भाकरीत काय निघालं का.

त्यात आमच्या मायक्रोस्कोपची जागा. हे यंत्र इतकं नाजूक की पलीकडच्या खोलीत दार आपटलं तरी फोटो हलतो, आणि ते बसवलं होतं टॉवेलच्या कारखान्याच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडत. फोटोतले कण असे दिसत, जणू त्यांना हुडहुडी भरली आहे. वीज गेली की माग थांबत, पण मग मायक्रोस्कोपही थांबे. जनरेटर लावला तर तो मागांच्या वरताण हलायचा. म्हणजे मागही बंद हवेत आणि वीजही हवी, अशी वेळ सोलापुरात फार थोडी येते. त्या थोड्या वेळांवर माझं शिक्षण चाललं होतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडम कडक होत्या. सुती साडी, पायात बूट, आणि कुठलाही निष्कर्ष ऐकला की पहिला प्रश्न, "पुन्हा करून दाखव." माझी मुदत संपली होती, मुदतवाढ संपत आली होती, आणि तिच्यापुढे वाढ नव्हती. वर्षभरात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि मी मंद्रूपला गिरणीच्या गल्ल्यावर. अप्पांना त्यात काही वाईट दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

तशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. गावात कुऱ्हाड-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत, शहरात मागांपासून रिक्षापर्यंत, आणि आमच्या विभागात मायक्रोस्कोपपर्यंत. मॅडमनी आदल्या दिवशीच मायक्रोस्कोपभोवती लाल पट्टी बांधून टाकली. हळदीकुंकू पट्टीच्या अलीकडे, आणि अगरबत्ती तर खोलीबाहेर. पट्टीबाहेर एका स्टुलावर पूजेसाठी पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि बंद पडलेला तराजू मांडला. बिचाऱ्या तराजूला जितेपणी कुणी विचारलं नव्हतं.

अप्पा त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात विभूतीची गोळी. त्यांनी मायक्रोस्कोपकडे लांबून नमस्कार केला, पट्टीकडे नाराजीनं बघितलं आणि भट्टीकडे वळले. भट्टी पट्टीच्या बाहेर होती. बोटं ओली करून त्यांनी गोळीवर फिरवली आणि भट्टीच्या दारावर तीन पट्टे ओढले. मॅडमनी ते चालवून घेतलं, कारण दार लोखंडी होतं आणि पेढे चांगले होते. मग मी पेढे वाटायला गेले. परत येऊन भट्टीत ठेवायच्या चिनी मातीच्या वाट्यांपैकी हाताला लागली ती उचलली, मिश्रण घातलं, भट्टी लावली आणि अप्पांना एसटीवर सोडायला गेले.

त्या वाटीतल्या भुकटीचा फोटो आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. खिचडी मोकळी झाली होती. सगळे कण लहान, सुटे, एकसारखे. प्रोग्रॅमनंही निमूट रेघा मारल्या. लाल पाण्यात भुकटी टाकली तर मी घड्याळ बघेपर्यंत रंग उडाला. मॅडम हसल्या. त्यांना दात आहेत हे विभागाला त्या दिवशी कळलं. भुकटीला 'नवमीचा नमुना' असं नाव पडलं आणि मी तिच्यावर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिहून काढलं.

मायक्रोस्कोपला जोडलेलं एक उपकरण नमुन्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत तेही सांगतं. त्यानं निकेल दाखवलं, सिरियम दाखवलं, आणि थोडं कॅल्शियम दाखवलं. दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर त्या कॅल्शियमपाशी थांबलो असतो. पण आम्ही सोलापूरचे. आमच्या बादल्यांवर पांढरे थर बसतात, गिझर दर वर्षी मरतात, केस गळतात, आणि सगळ्याचं कारण एकच असतं.

"बोअरचं पाणी," मी म्हणाले.

"बोअरचंच," मॅडम म्हणाल्या, आणि आम्ही पुढे गेलो.

मग त्यांनी नेहमीचं वाक्य उच्चारलं. "आता पुन्हा करून दाखव."

मी पुन्हा केलं. लगदा. पुन्हा केलं, पुन्हा लगदा. तीच रसायनं, तीच भट्टी, तेच तापमान, आणि तोच लगदा. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मॅडमनी फळ्यासमोर उभं राहून शांतपणे विचारलं, "त्या दिवशी वेगळं काय होतं?" विज्ञानात हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र आम्हाला कुठल्या कुठे घेऊन गेलं.

त्या दिवशी पूजेसाठी माग बंद होते. भट्टी थंड होताना हादरे नव्हते, म्हणून कण चिकटले नसतील, असं मॅडमचं म्हणणं पडलं. मग आम्ही दोघी भिंतीपलीकडच्या कारखान्यात गेलो. मालकांनी आमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. दुपारभर माग बंद ठेवा, अशी आमची विनंती.

"कोन वारलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

कुणी वारलं नाही, असं मी सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसेना. धडधाकट माणसं माग बंद ठेवायला सांगतात हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेवटी मॅडमचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी आपल्या मनानंच काय ते ओळखलं आणि माग थांबवले. जाताना त्यांनी मॅडमना हात जोडले. त्या शांत दुपारी भट्टीतून जे निघालं तो लगदा होता.

त्या दिवशी नारळ फुटला होता. म्हणून भट्टीजवळ नारळ फोडला. लगदा. झेंडूची माळ लावली. लगदा. या प्रयोगांना नुसतं नारळ-फुलं म्हणून चालेना, म्हणून मॅडमनी 'स्थिती अ' आणि 'स्थिती ब' अशी नावं दिली. मग तिसरी स्थिती, नारळ आणि झेंडू दोन्ही. प्रयोग झाल्यावर खोबरं विभागात वाटलं जाई. कनिष्ठ विद्यार्थी रोज येऊन विचारायला लागले, आज कुठली स्थिती आहे. देवावर विश्वास नसलेल्या बाईच्या प्रयोगशाळेत दर आठवड्याला नारळ फुटत होता आणि त्याला कंट्रोल एक्सपरिमेंट म्हणत होते. मला हसूही येत होतं आणि रात्री झोपही येत नव्हती, कारण प्रबंधाचं ते प्रकरण लिहून तयार होतं आणि ते खरं आहे हे मी कुणालाच दाखवू शकत नव्हते.

उलगडा झाला तो वाट्या धुताना. एक वाटी कितीही घासली तरी आतून स्वच्छ होईना. उजेडात धरून बघितलं. आतल्या पांढऱ्या भागावर करड्या रंगाच्या तीन रेघा होत्या. आडव्या, एकमेकींना समांतर, बोटाएवढ्या रुंद. त्या रेघा मी लहानपणापासून रोज सकाळी एका कपाळावर बघत आले आहे. मी बेसिनपाशीच स्टूल ओढून बसले.

अप्पांना फोन लावला.

"अप्पा, नवमीला तुम्ही वाटीला विभूती लावली होती?"

"व्हय की."

"आतून?"

"मग भाईरनं लावून काय करू? दळन आत पडतंय का भाईर? गिरनीला बी आपन आतनंच लावतो न्हवं?"

हे खरं होतं. आमच्या घराण्यात गिरणी आतून पुजतात, धान्य जिथे पडतं तिथे. पांढऱ्या वाटीवर पांढरी विभूती वाळली आणि मला दिसली नाही. भट्टीत राखेतलं कॅल्शियम, पोटॅशियम त्या भुकटीत उतरलं आणि त्यानं निकेलच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवलं. बोअरच्या पाण्यावर आम्ही उगाच आळ घेतला होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वडिलांना बोलव. येताना विभूती आणायला सांग. वजन करून, वाढवत वाढवत घालू."

अप्पा आले, आंघोळ करून, उपाशीपोटी. मॅडमनी तराजूवर कागद ठेवला आणि त्यावर विभूती टाकायला सांगितली. अप्पांनी गोळी खिशात परत ठेवली.

"विभूती तोलत न्हाईत, म्याडम."

"काका, वजन कळल्याशिवाय शास्त्र होत नाही."

"आन तोलली तर विभूती ऱ्हात न्हाई. मग नुसती राखच की. राख पायजे तर आमच्या चुलीतनं पोतंभर देतो."

चुलीतली राख आम्ही नंतर वापरून बघितली. तिचा काही उपयोग झाला नाही, तिच्यात वाळूच जास्त होती. पण त्या सकाळी दोघंही हटेनात आणि मधे मी. माझं सगळं आयुष्य त्या खिशातल्या गोळीत अडकलं होतं. मला दोघांचाही भयंकर राग आला आणि मी रागारागातच म्हणाले, "अप्पा, वाटी तोलली तर चालेल?"

"वाटी तोला की. वाटीला काय."

मग वाटी आधी तोलली. अप्पांनी आत पट्टा ओढला. पंख्याखाली वाळवून वाटी पुन्हा तोलली. फरक मॅडमनी लिहून घेतला आणि अप्पांनी तिकडे बघितलं नाही. दोघांनीही आपापला धर्म पाळला होता. एका वाटीत एक पट्टा, एकीत दोन, एकीत तीन. शिवाय तुलनेसाठी एक वाटी नुसत्या पाण्याच्या बोटांची. तिच्यात काहीच न लावता बोटं फिरवताना अप्पा फार ओशाळले. तिसऱ्या पट्ट्यानंतर त्यांनी वाटीवर हात आडवा धरला.

"साकु."

आलेख सुंदर आला. आडव्या अक्षावर पट्ट्यांची संख्या, म्हणजे प्रबंधाच्या भाषेत 'राखेचं वाढतं प्रमाण', आणि उभ्या अक्षावर कणांचा आकार. जितके पट्टे जास्त, तितके कण लहान. मॅडमनी पुन्हा करून दाखव म्हटलं आणि अप्पांच्याच बोटांनी मी पुन्हा करून दाखवलं. आता फक्त सादरीकरण उरलं होतं.

सादरीकरणाला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, आलेखापाशी थांबवलं आणि विचारलं, "रेघ अजून खाली चाललीय. तुम्ही तीनवरच का थांबलात? चौथा बिंदू का नाही?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम छताकडे बघत होत्या.

"सर, चौथा घेता येत नाही," मी म्हणाले.

"का?"

याचं शास्त्रीय उत्तर मला आजही माहीत नाही. तज्ज्ञांनी शेरा दिला की चौथा बिंदू जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. मुदत महिनाअखेर संपत होती. मी स्वतः ओढून बघितला होता पट्टा. माझी बोटं बारीक, पट्टा कधी जाड, कधी पातळ, वजनं एकाला एक लागेनात. आलेखातले बाकीचे बिंदू अप्पांच्या बोटांचे होते. चौथाही तिथूनच यायला हवा होता.

मी मंद्रूपला गेले. बाजाराचा दिवस होता, गिरणीवर गर्दी. अप्पा भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झाले होते. मी गिरणीच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली. बाजाराच्या दिवशी त्यांनी गिरणी बंद केलेली मी पहिल्यांदा बघितली. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

"चार कुनी वडतं का?" ते म्हणाले.

"नाही ओढत, अप्पा."

"तुज्या आज्ज्यानं वडलं न्हाई, त्येच्या बानं वडलं न्हाई."

"माहीत आहे."

"आन न्हाई वडलं तर?"

"तर मी इथेच येणार. गल्ल्यावर."

मला वाटलं ते म्हणतील, ये की मग. इतकी वर्षं तेच म्हणत होते. पण त्यांनी गिरणीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उद्या येतो," म्हणाले आणि गिरणी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन बोटांनी तीन पट्टे ओढले, नेहमीसारखे ओठ हलवत. मग ओठ मिटले. करंगळी ओली केली, गोळीवर फिरवली आणि वाटीच्या तळाशी चौथा पट्टा ओढला. पट्टा जरा तिरका गेला. पुन्हा ओढावा लागणार नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. मॅडम आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या की पुन्हा करून दाखवायची गरज नाही. अप्पांनी नळाखाली करंगळी कितीतरी वेळ धुतली. दुपारी आम्ही तिघं कँटीनमध्ये जेवलो, तेव्हा ते चारच बोटांनी जेवले. करंगळी घासापासून लांब, ताठ उभी.

माझी मनोमन इच्छा होती की चौथा पट्टा वाईट निघावा. कणांचा लगदा व्हावा, तीनच बरोबर ठरावेत, म्हणजे मी ताठ मानेनं अप्पांना सांगेन की बघा, तुमचंच खरं होतं. फोटो काढला. मागांची खडखड चालू होती, तरी स्पष्ट दिसत होतं. कण तीनच्यापेक्षाही लहान होते आणि जास्त सुटे. प्रोग्रॅमनं रेघा मारल्या, मी हातानंही मारून बघितल्या. उत्तर बदलेना. चार तीनपेक्षा चांगले होते.

मॅडम खूश झाल्या. प्रबंध मुदतीत गेला. अप्पांना मात्र मी काही सांगितलं नाही. त्यांनी दोनदा फोनवर विचारलं आणि दोन्ही वेळा मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. वडिलांना कसं सांगायचं, की पिढ्यान् पिढ्या आपण एक पट्टा कमी ओढत आलो?

तोंडी परीक्षेच्या सकाळी ते सोलापूरला आले. विभागाच्या जिन्याखाली मला थांबवून त्यांनी खिशातून गोळी काढली.

"काय निगालं त्ये सांग आदी."

मी सांगितलं. खाली मान घालून सांगितलं.

भिंतीपलीकडे माग चालू होते. अप्पांनी बोटं ओली केली, माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि सावकाश तीन पट्टे ओढले. त्यांचे ओठ हलत होते आणि करंगळी माझ्या कपाळापासून लांब धरलेली होती.

"भट्टीला लागत असत्याल चार," ते म्हणाले. "मानसाला तीन. साकु."

मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात वर नेला तर पट्टे पुसले जातील म्हणून पुसले नाहीत. तशीच आत गेले.